किंमत खोलीची, छायाचित्र अंतराचे

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर आठवडाभराच्या सुट्टीसाठी जाणाऱ्या पर्यटकाला पाण्याखालची छायाचित्रे स्वतः टिपावीशी वाटणे स्वाभाविक आहे, आणि अंदमान, लक्षद्वीप, मालदीव किंवा घराजवळचे मालवण ही ठिकाणे मराठी कुटुंबांच्या सहलींत रुळल्यापासून या इच्छेला खरेदीच्या प्रश्नाचे रूप आले आहे. बाजारात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यात मिळते. अमुक कॅमेरा ५ मीटरपर्यंत चालतो, तमुक १५ मीटरपर्यंत, वर कवच चढवल्यास ६० मीटरपर्यंत. आणि आकडा चढत जातो तशी किंमतही चढत जाते. वास्तविक तेवढ्या खोलीवर कॅमेऱ्यात पाणी शिरणार नाही, याहून अधिक काही हा आकडा सांगत नाही. छायाचित्र कसे उतरेल हे मुख्यतः भिंग आणि मासा यांच्यामध्ये किती पाणी आहे यावर ठरते. म्हणून मर्यादित पैशांत कोणते साधन घ्यावे याचा विचार करताना, ते साधन विषयाच्या किती जवळ जाऊ देते आणि तेथे पुरेसा उजेड मिळवून देते काय, ही कसोटी प्रस्तुत आढाव्यात प्रमुख मानली आहे.

या कसोटीचा आधार पाण्याच्या तीन गुणधर्मांत आहे. पहिला गुणधर्म शोषणाचा: पाणी सूर्यप्रकाशातील सगळे रंग सारखे गिळत नाही, तर तांबडा सर्वांत आधी, मग नारिंगी, मग पिवळा अशा क्रमाने गिळते आणि निळा सर्वांत शेवटपर्यंत राहू देते, त्यामुळे पाच-सहा मीटर खोलीवरच तांबड्याचा बराच भाग गेलेला असतो आणि लालभडक मासा करडा-तपकिरी दिसू लागतो. येथे खोली म्हणजे केवळ पृष्ठभागापासूनचे अंतर समजले जाते, पण प्रकाशाचा प्रवास पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि तेथून पुन्हा भिंगापर्यंत असा दुहेरी असतो. पाच मीटर खोलीवरचा मासा अर्ध्या मीटरवरून टिपला तर प्रकाशाने साडेपाच मीटर पाणी ओलांडलेले असते. तोच मासा चार मीटरवरून टिपला तर नऊ मीटर. एकाच खोलीवरच्या एकाच माशाची दोन छायाचित्रे, एक रंगीत आणि एक निळसर, का येतात याचा उलगडा एवढ्या हिशेबात होतो.

दुसरा गुणधर्म विखुरण्याचा आहे. समुद्राच्या पाण्यात गाळाचे कण आणि डोळ्यांना न दिसणारे प्लवक तरंगत असतात. त्यांच्यावर आदळून प्रकाश इतस्ततः फाकतो आणि चित्रातील कडा, पोत व काळे-पांढरेपण पुसट होत जाते. रंग उडाला तर संगणकावर काही अंशी परत आणता येतो, परंतु कणांनी पुसलेला तपशील कोणत्याही उपायाने परत येत नाही. तिसरा गुणधर्म अपवर्तनाचा, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशकिरण वाकण्याचा. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून पाहणाऱ्या डोळ्याला किंवा भिंगाला पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे पाव अंतर जवळ व सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते, आणि भिंगाची दृष्टिकक्षा त्याच मानाने आक्रसते. जमिनीवर जे भिंग रुंद वाटते ते पाण्यात मध्यम होते, आणि मोठे प्रवाळ किंवा सोबतचा माणूस चौकटीत पूर्ण मावावा म्हणून छायाचित्रकार मागे सरकतो. मागे सरकला की मधले पाणी वाढते आणि पहिले दोन गुणधर्म चित्र बिघडवतात. काचेऐवजी अर्धगोलाकार घुमट बसवला की ही आक्रसलेली दृष्टिकक्षा बरीचशी परत मिळते. हौशी माणसाने वेगळे पैसे मोजावेत अशा थोड्या वस्तूंमध्ये या घुमटाची गणना करावी लागेल.

यानंतर प्रश्न येतो तो पर्यटक खरोखर किती खोल जाणार याचा, आणि या बाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकीच्या बाजूला झुकतो. स्नॉर्केलिंगमध्ये, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पालथे तरंगण्यात, कॅमेरा क्वचितच दोन-तीन मीटरखाली जातो. ज्यात प्रशिक्षणाचा दाखला नसलेल्यांना प्रशिक्षक हाताला धरून नेतो, त्या परिचयात्मक स्कूबाची कमाल मर्यादा पॅडी या प्रशिक्षणसंस्थेच्या नियमांत १२ मीटर आहे, आणि तारकर्ली-मालवण भागात किंवा स्वराजद्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, किनाऱ्यालगत प्रत्यक्ष डुबी बहुधा याहून उथळच असते. पहिल्या दाखल्यानंतर १८ मीटर आणि पुढच्या दाखल्यानंतर ३० मीटर अशा पायऱ्या आहेत. ज्याने अद्याप पहिलीही पायरी चढलेली नाही त्याने ६० मीटरच्या कवचासाठी पैसे मोजणे म्हणजे कधीही न होणाऱ्या प्रवासाचे तिकीट काढणे होय. शिवाय परिचयात्मक डुबीत अनेक केंद्रे नवशिक्याच्या हाती कॅमेरा देतच नाहीत, आणि ते योग्यही आहे, कारण कानातला दाब, श्वास आणि भीती सांभाळणाऱ्याला तिसरे काम झेपत नाही; त्याची छायाचित्रे सोबतचा प्रशिक्षकच काढतो आणि ती शुल्कात किंवा थोड्या जादा पैशांत मिळतात. तेव्हा ज्या कुटुंबाच्या सहलीत एक परिचयात्मक डुबी आणि दोन-तीनदा स्नॉर्केलिंग एवढाच कार्यक्रम आहे, त्याची खरी गरज पृष्ठभागाखालच्या पहिल्या तीन मीटरची आहे.

पाण्याचा स्वभावही ठिकाणानुसार बदलतो. मालवणच्या किनाऱ्यालगतचे पाणी प्लवकांमुळे आणि खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे हिरवट असते, त्यात काही मीटरपलीकडचे धूसर होते, आणि भरती-ओहोटी व वारा यांवर दिवसादिवसाला फरक पडतो. अंदमान व लक्षद्वीप येथे, विशेषतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, पाणी निळे व बरेच पारदर्शक असते आणि पंधरा-वीस मीटर दूरचे दिसणे अपवादाचे मानले जात नाही. निळ्या पाण्यातील छायाचित्रे पाहून घेतलेला कॅमेरा हिरव्या पाण्यात निराशा करतो, तेव्हा दोष कॅमेऱ्याला दिला जातो. वस्तुतः मालवणात रुंद दृश्यांचा नाद सोडून खडकावरच्या शिंपल्या, खेकडे, समुद्रफुले असे हातभर अंतरावरचे छोटे विषय निवडले तर साध्या साधनानेही चांगली चित्रे मिळतात, कारण अंतर कमी झाले की गढूळपणाला वावच उरत नाही.

साधनांपैकी सर्वांत स्वस्त म्हणजे मोबाइलसाठी मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा पाउच. काही शे रुपयांत मिळणारी ही पिशवी स्नॉर्केलिंगपुरती चालते, परंतु तिच्याकडून नेमके काय अपेक्षावे हे समजून घेणे आवश्यक आहे. स्पर्शपटल बोटाच्या विद्युतभारावर चालते, आणि खारे पाणी स्वतः वीज वाहून नेत असल्यामुळे पाण्याखाली ते बोट कोठे आहे हे ओळखेनासे होते. शिवाय खोली वाढली की दाबाने पिशवी पडद्याला चिकटते आणि फोनला सर्वत्र स्पर्श झाल्याचा भास होतो. म्हणून चित्रण पाण्याबाहेरच सुरू करून फोन खाली न्यावा किंवा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाने छायाचित्र टिपावे लागते. पिशवीच्या प्लास्टिकवर पडलेली एक घडी भिंगासमोर आली तरी चित्र मऊ होते. पाउच घेतल्यावर आत फोनऐवजी कागदी रुमाल घालून तो बादलीत अर्धा तास दाबून ठेवण्याची चाचणी हॉटेलात करता येते, आणि ती न करता कोणी पाण्यात उतरू नये.

फोन मुळातच पाणी सोसणारा आहे, मग पिशवी कशाला, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. आयपी ६८ या मानांकनातील पहिला अंक धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असून, त्याचा नेमका अर्थ उत्पादक ठरवतो: आयफोन १२ पासून तो ६ मीटर खोलीवर ३० मिनिटे असा आहे, सॅमसंगच्या अनेक फोनांवर दीड मीटर आणि ३० मिनिटे असा. या चाचण्या प्रयोगशाळेतील स्थिर पाण्यात होतात. होडीवरून उडी मारताना बसणारा दणका, खारे पाणी, सनस्क्रीनचा तेलकट थर आणि दोन वर्षांच्या वापराने सैल पडलेला डिंक यांपैकी काहीही त्यांत नसते, आणि पाणी शिरून झालेले नुकसान सामान्य हमीत बसत नाही. याहून मोठा आक्षेप व्यवहाराचा आहे. बेटावर असताना पर्यटकाच्या फोनमध्येच विमानाचे तिकीट, फेरीबोटीचे आरक्षण, हॉटेलची पावती, बँकेचे संदेश आणि यूपीआयने देण्याचे पैसे असतात. पाण्याखाली गेलेला फोन बंद पडला तर कॅमेऱ्याबरोबर अर्धी सहलही बुडते. या कारणाने घरात पडून असलेला, सिमकार्ड काढलेला जुना फोन पाउचात वापरणे हा काटकसरीचा पर्याय वाटतो त्याहून अधिक शहाणपणाचा आहे. फोनसाठी बटणांची कठीण कवचेही मिळतात, त्यांत सीलाइफचे स्पोर्टडायव्हर ४० मीटरपर्यंत चालते आणि ब्लूटूथद्वारे फोन चालवते. मात्र सुमारे ३०० डॉलर किमतीचे असे कवच एकदाच्या सहलीसाठी घेणे महाग पडते, आणि तेवढ्या पैशांत स्वतंत्र कॅमेऱ्याचा विचार करता येतो.

फिल्मचे, एकदाच वापरायचे जलरोधक कॅमेरे अजूनही विकले जातात. फुजीफिल्मचा क्विकस्नॅप आणि कोडॅकचा स्पोर्ट यांत २७ चौकटींची ८०० संवेदनशीलतेची फिल्म असते आणि ते अनुक्रमे सुमारे १० व १५ मीटर खोली सोसतात. लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे देण्यासाठी ते गमतीचे आहेत, परंतु फिल्म धुण्याचा खर्च धरला तर स्वस्त राहत नाहीत.

यानंतरचा वर्ग अॅक्शन कॅमेऱ्यांचा, आणि सर्वसाधारण पर्यटकासाठी निर्णय बहुधा येथेच होतो. निक वुडमन यांच्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ साली फिल्मचा होता आणि लाटांवर स्वार होणाऱ्यांनी मनगटावर बांधावा या हेतूने बनवला होता. २०१६ च्या हीरो ५ पासून वेगळ्या कवचाशिवाय १० मीटरपर्यंत नेता येईल अशी रचना आली आणि २०२४ च्या हीरो १३ पर्यंत मुख्य मालिकेत तोच आकडा कायम राहिला. डीजेआयच्या ऑस्मो अॅक्शन ४ ला १८ मीटर व अॅक्शन ५ प्रो ला २० मीटर अशी उघडी मर्यादा आहे. २०२४ मध्येच गोप्रोने हीरो या नुसत्या नावाने १९९ डॉलरचा जो छोटा कॅमेरा काढला त्याची मर्यादा केवळ ५ मीटर आहे. स्नॉर्केलिंगला तो पुरतो, परिचयात्मक डुबीला पुरत नाही, आणि बॅटरी बदलता येत नसल्यामुळे दिवसभराच्या होडीच्या फेरीत दुपारनंतर निरुपयोगी होण्याचा संभव असतो. खरेदीपूर्वी आपल्या कार्यक्रमाची खोली ठरवण्याचा उपयोग दिसतो तो अशा ठिकाणी.

या कॅमेऱ्यांचे बळ त्यांच्या रुंद भिंगात आणि स्थिर चलचित्रणात आहे. पोहणाऱ्याचा हात कितीही हलला तरी चित्र स्थिर राहते, आणि रुंद भिंगामुळे कासव, सोबतचा माणूस किंवा प्रवाळाचा मोठा उंचवटा जवळूनही चौकटीत मावतो, म्हणजेच मधले पाणी कमी ठेवता येते. दुबळेपण त्याच भिंगातून येते. बहुतेक अॅक्शन कॅमेऱ्यांचे भिंग स्थिरकेंद्री असते, म्हणजे ते अंतरानुसार पुढेमागे होत नाही, आणि साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा जवळचे त्यात स्पष्ट येत नाही. समजा, समुद्रफुलाच्या शुंडकांत आठ सेंटिमीटर लांबीचा क्लाउनफिश दडला आहे. पाण्यातील दृष्टिकक्षा सुमारे ९० अंश धरली तर एक मीटरवरून चौकटीची रुंदी दोन मीटर होते आणि मासा तिच्या पंचविसाव्या भागाएवढा येतो. छायाचित्र पाहणाऱ्याला तो बोट ठेवून दाखवावा लागतो. स्पष्टतेच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ गेल्यास चौकट ६० सेंटिमीटरची होते आणि मासा सातव्या-आठव्या भागाएवढा. चित्र बरे, पण त्याचे खवले किंवा डोळा दिसावा असे नव्हे. कवचावर लावायचे क्लोज-अप भिंग घेऊन ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येते, मात्र तेव्हा दूरचे सगळे अस्पष्ट होते आणि पाण्यातच भिंग काढ-घाल करावे लागते.

छोट्या जिवांत रस असणाऱ्यांसाठी जलरोधक कॉम्पॅक्ट हा वेगळा वर्ग आहे, आणि त्यात ऑलिम्पसच्या टफ मालिकेने बराच काळ आघाडी राखली आहे. २०१९ चा टीजी-६ आणि, ऑलिम्पसचा कॅमेरा-व्यवसाय वेगळा होऊन ओएम सिस्टिम हे नाव आल्यानंतरचा, २०२३ मधील टीजी-७ हे दोन्ही १५ मीटर खोली उघड्यानेच सोसतात. भिंग २५ ते १०० मिलिमीटरच्या समतुल्य असून त्याच्या पुढे केवळ एक सेंटिमीटरवरही ते स्पष्ट चित्र घेते, आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची माहिती साठवण्याची सोय असल्यामुळे नंतर रंग दुरुस्त करताना बरीच मोकळीक मिळते. वरच्या उदाहरणातील मासा या कॅमेऱ्याच्या लांब टोकाने ३० सेंटिमीटरवरून टिपला तर चौकटीची रुंदी जवळपास आठच सेंटिमीटर भरते, म्हणजे त्याच अंतरावरून अॅक्शन कॅमेऱ्यात सातव्या-आठव्या भागाएवढा आलेला मासा येथे चौकट व्यापतो. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, मात्र १/२.३३ इंच इतकी लहान असून १२ मेगापिक्सेलचीच आहे, त्यामुळे सावलीत किंवा खोल पाण्यात चित्रात कण दिसू लागतात, आणि चलचित्रणातील स्थैर्य अॅक्शन कॅमेऱ्याच्या बरोबरीचे नाही. टीजी-७ अमेरिकेत ५५० डॉलरला आला. आयात होऊन येताना किंमत आणखी चढते. दोन-चार वर्षे जुना पण सुस्थितीतील टीजी-६ मिळाल्यास छायाचित्रांच्या दृष्टीने फरक फारसा जाणवत नाही, आणि प्रवाळ-खडकांतील सूक्ष्म विषयांची आवड असणाऱ्याने दुसरीकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

घरात असलेल्या चांगल्या कॅमेऱ्यालाच कवच घालावे, हा विचार हिशेबी माणसाला आकर्षक वाटतो. सीफ्रॉग्जसारख्या उत्पादकांची पॉलिकार्बोनेटची कवचे अॅल्युमिनियमच्या कवचांच्या मानाने बरीच स्वस्त असतात आणि ४० मीटर किंवा त्याहून खोल जातात. पण असे कवच एकाच मॉडेलसाठी घडवलेले असते, कॅमेरा बदलला की ते निरुपयोगी होते. शिवाय ते अवजड असते, आणि त्याच्या एका चुकीने घरातला सर्वांत महाग कॅमेरा समुद्रार्पण होतो. वर्षातून दोनदा तरी डुबी मारणाऱ्याने हा मार्ग धरावा, एका सहलीपुरत्या पर्यटकाने धरू नये.

कॅमेरा ठरल्यावर उरलेले पैसे कशावर खर्चावेत याचे उत्तर बहुतेक वेळा उजेड हे आहे. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाच्या ड्राय टोर्टुगस बेटांपाशी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा पुरेसा उजेड मिळवण्यासाठी त्यांना पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट घडवावा लागला होता. आज तेच काम मुठीएवढा दिवा करतो, मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात. दिवा खोलीवर तांबडा प्रकाश नव्याने पुरवतो, म्हणून एक मीटरच्या आतील विषयांचे रंग परत येतात. त्यापलीकडे त्याचा प्रकाश जाऊन परत येईपर्यंत पाण्याने गिळलेला असतो. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश बहुधा बंदच ठेवावा, कारण तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे समोरच्या गाळकणांवरून प्रकाश थेट परत येतो आणि चित्रभर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. हे टाळण्यासाठी दिवा दांडीवर बसवून भिंगापासून बाजूला व किंचित बाहेरच्या दिशेने धरतात. चलचित्रणाला सतत जळणारा दिवा लागतो, स्थिर छायाचित्राला क्षणभर प्रखर चमकणारा स्ट्रोब अधिक परिणामकारक ठरतो. परंतु स्ट्रोब कॅमेऱ्याशी जुळावा लागतो, अॅक्शन कॅमेऱ्यांना तो बहुतांशी जोडताच येत नाही, आणि काटकसरीच्या संचात तो सहसा बसत नाही.

स्नॉर्केलिंग करणाऱ्याला मात्र या दिव्यांचीही गरज नाही. त्याच्यासाठी सूर्य पुरेसा आहे. जमिनीवर छायाचित्रकार सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश शोधतो, पाण्याखाली तोच प्रकाश पृष्ठभागावरून बराचसा परावर्तित होऊन वरच्या वर निघून जातो, आणि दहा ते दोन या वेळेतील माथ्यावरचा सूर्य सर्वांत खोल पोहोचतो. होडी कोणत्या वेळेची निवडावी हा म्हणूनच फुकटात मिळणारा सुधार आहे. लाल गाळणी, म्हणजे भिंगापुढे लावायची रंगीत काच, हाही स्वस्त उपाय आहे, पण ती तांबडा रंग निर्माण करत नाही, तर निळा-हिरवा अडवून समतोल साधते आणि त्या बदल्यात एकंदर प्रकाशही घटवते. तिचा उपयोग साधारण पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात होतो, तीन मीटरवर चित्र गुलाबी पडते आणि वीस मीटरवर सुधारण्यासारखे तांबडे शिल्लकच नसते. हिरव्या पाण्यात लालऐवजी किरमिजी गाळणी लागते, हे मालवणला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. ज्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कोणता हे कॅमेऱ्याला सांगण्याची सोय, हाताने बदलता येते, त्यात पांढऱ्या पाटीसमोर धरून ती त्या-त्या खोलीवर ठरवता येते, आणि तेव्हा गाळणीची गरज बरीच कमी होते.

दुर्लक्ष होते ते देखभालीकडे, आणि साधने बुडतात तीही येथेच. विल्यम थॉम्पसन याने १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात पेटीत बंद केलेला कॅमेरा खांबाला बांधून उतरवला, तेव्हाही पेटीत पाणी शिरले होते, तरीही काचपट्टीवर पुसटशी प्रतिमा उमटली. आजच्या विद्युतमंडलांना इतकी उदारता परवडत नाही. कवच असो वा कॅमेऱ्याची बॅटरीची खिडकी, पाणी अडवण्याचे काम ओ-रिंग, म्हणजे रबराची किंवा सिलिकॉनची एक बारीक गोल कडी, करते. ती खाचेत दबून बसते आणि पाण्याचा दाब तिला आणखी घट्ट करतो, म्हणून गळती अनेकदा खोलीवर न होता पहिल्या मीटरभरातच होते. कडीवर आडवा पडलेला एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा पुरेसा असतो. बंद करण्यापूर्वी कडी बोटांच्या पेरांत धरून उजेडात फिरवून पाहावी, तिची खाच कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, आणि उत्पादकाने सांगितले असेल तरच सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ थर द्यावा की कडी नुसती चकचकीत दिसेल; जाड थर कचरा धरतो. हे काम होडीवर, ओल्या हातांनी आणि केसांतून पाणी ठिबकत असताना कधीही करू नये.

कवचाच्या आतल्या काचेवर धुके धरणे हा दुसरा नेहमीचा त्रास. बाहेरच्या दमट हवेत कवच बंद केले की तो दमटपणा आत अडकतो, पाण्यात काच थंड होते, चालू कॅमेरा मात्र तापत राहतो आणि बाष्प काचेवर जमते. वातानुकूलित खोलीतील हवा कोरडी असते, म्हणून कवच तेथेच बंद करून, आत सिलिका जेलची पुडी किंवा धुकेरोधक पट्टी ठेवून, होडीवर ते सावलीत ओल्या टॉवेलाखाली न्यावे. पाण्याबाहेर आल्यावर मीठ वाळू देऊ नये. गोड्या पाण्यात काही वेळ भिजत ठेवून, पाण्यातच बटणे दाबून, मगच कॅमेरा पुसावा, कारण वाळलेल्या मिठाचे स्फटिक कडीखाली जातात आणि पुढच्या वेळी तेच तिला कापतात. अॅक्शन कॅमेरे पाण्यात बुडतात, म्हणून स्नॉर्केलिंगसाठी तरंगणारी मूठ आणि मनगटाची दोरी हा स्वस्त विमा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, हेही सामान भरतानाच पाहिलेले बरे.

जवळ जाण्याची जी कसोटी या आढाव्यात प्रमुख मानली आहे, तिला एक मर्यादा आहे. प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे. चित्रासाठी त्याला धरून स्थिर राहणे, वल्हेपट्ट्यांनी गाळ उडवणे किंवा मासा बाहेर यावा म्हणून समुद्रफूल डिवचणे यांनी तो मरतो वा आजारी पडतो, आणि भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे मेलेला तुकडाही उचलून आणणे गुन्हा ठरतो. ज्याला पाण्यात हात-पाय न झाडता एका जागी राहता येत नाही, त्याने जवळचे विषय सोडून द्यावेत. तलावात सरावाचे चार तास घालवणे कोणत्याही नव्या भिंगाहून अधिक लाभाचे आहे, आणि त्या सरावात कॅमेऱ्याची बटणेही न पाहता सापडू लागतात.

खरेदीचा निर्णय करताना सहलीनंतरचे दिवसही मोजावे लागतात. आठ दिवस समुद्रात वापरलेला कॅमेरा उरलेले अकरा महिने मुंबईतल्या किंवा कोकणातल्या कपाटात पडून राहतो, आणि त्यात पावसाळ्याचे चार महिने असतात. कडी खाचेतच दबलेली राहिली तर चपटी होते, भिंगावर बुरशी धरते, बॅटरी पूर्ण रिकामी राहिली तर मरते. म्हणून कवचाची कडी काढून वेगळी ठेवणे, कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे आणि बॅटरी निम्मी भरून ठेवणे हे काम ज्या घरात कोणी अंगावर घेणार नाही, त्या घराने कॅमेरा विकत न घेता डुबी केंद्राकडून दिवसाच्या भाड्याने घ्यावा, बुडाल्यास भरपाई कोणाची हे आधी लेखी ठरवून घ्यावे, आणि आपले मेमरी कार्ड तेवढे सोबत न्यावे.